टाळेबंदीतला पगार: २९ मार्चच्या आदेशाची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये देश बंद झाला तो दोन कायद्यांच्या आधाराने. राज्यांच्या हाती १८९७ चा साथरोग कायदा होता, केंद्राच्या हाती २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. वस्ती सील करणं, गाड्या थांबवणं, बाहेर पडणाऱ्यावर गुन्हा नोंदवणं हे सगळं त्यांत बसवता येत होतं. दुसऱ्या कायद्यात निवारा, अन्न, पाणी आणि उपजीविका सावरण्यासाठीच्या मदतीचे किमान निकष ठरवण्याची तरतूदही आहे. मात्र सरकारच्या हुकमाने काम बंद पडलं तर त्या दिवसांची मजुरी कोणी द्यायची, यावर दोन्ही कायद्यांत अक्षर नाही.

पहिला कायदा जेमतेम चार कलमांचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला कायदा तयारही झाला. पुण्यातल्या घरझडत्या आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झालेला गोळीबार इथे पुन्हा सांगायची गरज नाही. गिरणगावाची बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही. घाबरून मुंबई शहर जवळजवळ निम्मं रिकामं झालं. तोवर गिरण्यांत महिन्याचा पगार, तोही काही आठवडे मागे ठेवून देण्याची रीत होती, म्हणजे माणूस पळून जात नाही. प्लेगमध्ये हातच मिळेनात, तेव्हा मालक रोजच्या रोज रोख मोजू लागले. सरकारने त्यांना तसं सांगितलं नव्हतं. कामगार गावी जाऊ शकत होता, एवढंच त्याचं बळ होतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने कोटीच्या वर माणसं नेली, पण देशभर कामं बंद ठेवण्याचा हुकूम तेव्हा नव्हता.

२०२० मध्ये नेमकं गावी जाणंच बंद झालं. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून प्रवासी रेल्वे थांबल्या, २४ तारखेला रात्री आठला घोषणा झाली आणि चार तासांत टाळेबंदी लागू झाली. २६ तारखेला माणशी पाच किलो धान्य, घरटी किलोभर डाळ आणि जनधन खात्यातल्या महिलांना तीन महिने पाचशे रुपये जाहीर झाले. धान्य रेशनकार्डावर, आणि बहुतेकांचं कार्ड गावाकडे. लोक चालत सुटले.

त्यानंतर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश आला. उद्योग असो की दुकान, बंद असलं तरी मालकाने कामगारांचा पगार ठरल्या तारखेला, कपात न करता द्यावा; घरमालकाने महिनाभर भाडं मागू नये, खोली खाली करायला लावली तर कारवाई होईल. कामगारांच्या बाजूने इतका स्पष्ट हुकूम त्या काळात दुसरा निघाला नाही. पण तो वाचताना आजूबाजूची कलमंही वाचावीत. त्याच आदेशात राज्यांना हद्दी बंद करायला, निघालेल्यांना वाटेतच थांबवून चौदा दिवस विलगीकरणात ठेवायला सांगितलं होतं. हेतू गर्दी रोखण्याचा होता. पगार आणि भाडं ही माणसाला आहे तिथे थोपवून धरण्याची साधनं होती, आणि आदेशाचं पुढे जे झालं ते यावरूनच उलगडतं.

अंमलबजावणीची अडचण पहिल्या पगाराच्या तारखेलाच दिसली. मार्चचे पहिले तीन आठवडे काम झालेलं होतं, त्याचे पैसे कोणत्याही आदेशाशिवाय देणं लागत होते. तेही अनेकांना मिळाले नाहीत, कारण कंपनी म्हणे ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणे वरून बिल निघालं नाही, आणि मुकादमाचा फोन बंद. हजेरी मुकादमाच्या वहीत, कंपनीच्या मस्टरवर नावच नाही. नाक्यावर उभं राहणाऱ्या बिगाऱ्याला तर रोज नवा मालक; त्याचा पगार कापला कोणी म्हणायचं? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने नोंदणी करावी, विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च द्यावा असं होतं. तो नीट पाळला गेला असता तर निदान यादी तरी हाती असती.

दुसरीकडे मालक न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता: ज्या कलमाखाली आदेश काढला ते खाती, राज्यं आणि सरकारी यंत्रणांना सूचना देण्यापुरतं आहे, खासगी मालकावर त्याने बोजा टाकता येत नाही, उत्पन्न शून्य असताना लहान कारखानदाराने पगार कुठून आणायचा? मोठ्या कंपन्याही याच लहान कारखानदाराच्या आडून बोलत होत्या, हे वेगळं. ३० एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आदेशात हस्तक्षेप केला नाही, प्रवास आणि जेवणाचे भत्ते वगळून पगार द्यायला सांगितलं; मात्र जिथे कारखाने सुरू झाले तिथे कामगाराने हजर राहावं, आपणहून गैरहजर राहिल्यास पगार कापता येईल, असंही म्हटलं.

१ मे रोजी मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वे सुटू लागल्या. आठवडाभरात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून चालत निघाले होते. आता माणसांना थोपवून धरण्यात अर्थ नव्हता. १७ मेच्या आदेशात पगाराचा उल्लेखही नाही. २९ मार्चचा आदेश ज्या कलमाखाली निघाला त्याखालचे आधीचे आदेश, नव्या सूचनांत वेगळं सांगितलं नसल्यास, १८ मेपासून संपुष्टात येतील, एवढं एक वाक्य. त्यात पगाराचा हुकूमही गेला.

उरला तो मधल्या पन्नास दिवसांचा हिशेब. सर्वोच्च न्यायालयाने १२ जूनला आदेशाच्या वैधतेचा निकाल पुढे ढकलला, मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटलं आणि दोघांनी बसून तडजोड करावी, कामगार खात्याने मदत करावी असं सुचवलं. तोवर वाटाघाटीतला एक पक्ष झारखंडमध्ये, दुसरा चाकणमध्ये. रेल्वेभाड्यालाही उसने पैसे काढलेला माणूस बुडीत मजुरीच्या बोलणीसाठी परत येणार नव्हता.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितलं गेलं की एक कोटीहून अधिक स्थलांतरित कामगार आपापल्या राज्यांत परतले. त्यांपैकी किती जण वाटेत दगावले याची आकडेवारी नसल्याचंही सांगितलं गेलं. त्याच अधिवेशनात १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली: आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करून गंभीर इजा केल्यास शिक्षा सात वर्षांपर्यंत, मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई दुप्पट, बस, रेल्वे, विमानांच्या तपासणीचे अधिकार वाढीव. बंदीच्या काळातल्या मजुरीचं कलम त्यातही आलं नाही.