खुलासा : सैन्याने ताबा घेतला म्हणजे प्रदेश त्या देशाचा झाला?

युद्धाच्या बातम्या आल्या की हे वाक्य हमखास ऐकू येतं : 'ताबा घेतला ना, मग आता ती जमीन त्यांचीच.' नकाशे रंगवणाऱ्यांना हे सोपं वाटतं, पण आंतरराष्ट्रीय कायदा तसं मानत नाही.

युद्ध कसं लढावं याच्या 1907 च्या हेग नियमांनुसार एखाद्या प्रदेशात शत्रूसैन्याची सत्ता प्रत्यक्षात चालू लागली, की तो प्रदेश व्याप्त, म्हणजे ताब्यातला, ठरतो. सार्वभौमत्व मात्र मूळ देशाकडेच राहतं. ताबा घेणारा फक्त तात्पुरता कारभारी असतो. सरकारी जंगलाचंच बघा. तिथलं रीतसर उत्पन्न त्याला घेता येतं, पण जंगलच उजाड करता येत नाही. खासगी मालमत्ता जप्त करायची नाही, लोकांकडून निष्ठेची शपथ घ्यायची नाही, अगदीच अडल्याशिवाय तिथले कायदे बदलायचे नाहीत. युद्धात सामान्य नागरिकांना संरक्षण देणाऱ्या 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारानं आपले नागरिक तिथं नेऊन वसवायलाही बंदी केली. (नियम पाळले जातात का, हा वेगळा आणि कडू विषय.)

गोळी झाडली गेली नाही म्हणजे ताबाच नाही, हाही गैरसमजच. प्रतिकार झाला नाही तरी हाच करार लागू होतो.

जपान 1945 पासून अमेरिकेच्या नेतृत्वाखालील मित्रराष्ट्रांच्या ताब्यात होता. 28 एप्रिल 1952 ला शांतता करार अमलात आला आणि तो ताबा संपला. मधल्या काळात जपान अमेरिकेचा भाग झाला नव्हता.