लग्नाच्या फोटोंचे मालक कोण?

म्हार्दोळ-मंगेशीच्या सभागृहांपासून पणजीच्या हॉलपर्यंत एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: ‘फोटो ज्याने काढले, हक्क त्याचाच.’ अमेरिकेत साधारणपणे तसंच आहे. आपल्याकडे मात्र नाही.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ स्पष्ट सांगतं की, पैसे मोजून कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक काम सांगणारा असतो. ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द फार महत्त्वाचे. अ‍ॅडव्हान्स देताना आपण ज्या छापील कागदावर घाईत सही करतो, त्यात हक्क स्टुडिओकडे राहतील अशी ओळ असू शकते. सही झाली की ती ओळ लागू. म्हणून सहीपूर्वी वाचाच. आणखी एक: आपल्याकडे बुकिंग बहुधा वधूपिता करतात, त्यामुळे काम सांगणारा म्हणून कागदावर नवरा-नवरीचंही नाव घालून घ्या.

मालकी मिळाली म्हणजे कॅमेऱ्यातली प्रत्येक रॉ फाइल, म्हणजे संस्कार न केलेला मूळ फोटो, मिळेलच असं नाही. किती फोटो, अल्बम कधी, हे सगळं ठरवून लिहून घ्यावं लागतं. हळदीतले आपल्या मुलीचे फोटो स्टुडिओने इन्स्टाग्रामवर टाकावेत की नाही, हेही तिला विचारून त्याच कागदावर लिहा. मला ही ओळ सर्वांत मोलाची वाटते.