चरबीघट व स्नायुवाढीसाठीचा आहार

शरीरातील चरबी कमी करतानाच स्नायू टिकवणे, शक्य झाल्यास वाढवणे, या हेतूने आखलेला आहार. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात : खर्चापेक्षा थोडी कमी ऊर्जा, नेहमीपेक्षा जास्त प्रथिने आणि वजने उचलण्यासारखा स्नायूंवर भार टाकणारा व्यायाम. यातला व्यायाम हा आहाराचा भाग नाही, हे खरे. पण तो वगळला तर पुढे दिलेल्या बहुतेक आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

वजनकाटा चरबी, स्नायू, पाणी आणि आतड्यातले अन्न असे सगळे एकत्रच मोजतो. व्यायामाविना, केवळ कमी खाऊन उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो, असे ढोबळमानाने धरतात. मुळात चरबी कमी असलेल्या आणि फार वेगाने वजन उतरवणाऱ्या माणसात हा हिस्सा वाढतो. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत काही सहभागींची शरीरघटना मोजली, तेव्हा घटलेल्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग चरबीविरहित वस्तुमानाचा निघाला. चरबीविरहित म्हणजे सगळा स्नायूच असे नाही, त्यात पाणी आणि इतर अवयवही मोजले जातात. तरीही वजन किती उतरले याच्याइतकाच काय उतरले हा प्रश्न महत्त्वाचा का, हे यावरून कळते. वजन किती उतरेल हे ऊर्जेची तूट ठरवते. त्यात चरबी किती आणि स्नायू किती, यावर प्रथिने आणि व्यायाम यांचा मोठा प्रभाव असतो.

ऊर्जेची तूट

प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे ४ किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थांतून ९ आणि मद्यार्कातून ७ किलोकॅलरी मिळतात. शरीरातील १ किलो चरबीयुक्त ऊतीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. या हिशेबाने रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली, तर आठवड्याला जवळपास अर्धा किलो वजन उतरायला हवे. सुरुवातीला गणित बऱ्यापैकी जुळते, पुढे मागे पडत जाते. हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते, आणि उपाशी माणूस नकळत कमी हालचाल करतो. अमेरिकेत अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर केलेल्या मिनेसोटा प्रयोगात सुमारे सहा महिन्यांच्या अर्धपोटी आहाराने त्यांचे वजन जवळपास पाव हिस्सा घटले. विश्रांतीतला ऊर्जाखर्च मात्र वजनाच्या मानाने अपेक्षित होता त्याहूनही खाली गेला.

पहिल्या आठवड्यातली मोठी घट फसवी असते. यकृत आणि स्नायू यांत साठवलेले ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) खर्च होते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. कर्बोदके एकदम बंद करणाऱ्या आहारांची झटपट कीर्ती बरीचशी या पाण्यावर उभी आहे.

तूट किती ठेवावी, याबाबत घाई महागात पडते. नॉर्वेतील खेळाडूंवरील एका अभ्यासात (२०११) एका गटाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०·७ टक्का आणि दुसऱ्याने १·४ टक्के घट करायचे लक्ष्य ठेवले होते. दोन्ही गट वजनांचा व्यायाम करत होते. सावकाश जाणाऱ्यांचे चरबीविरहित वस्तुमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले, तर घाई करणाऱ्यांचे होते तेवढेच राहिले. म्हणून आठवड्याला अर्धा ते एक टक्का हा वेग बहुतेकांना मानवतो. भरपूर चरबी असलेल्याला सुरुवातीला त्याहून थोडा वेगही चालतो.

प्रथिनांची गरज

प्रथिनांविषयीचा वाद जुना आहे. स्नायू काम करताना स्वतःचीच प्रथिने जाळतात, असे एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांचे म्हणणे होते. ते तपासण्यासाठी आडोल्फ फिक आणि योहानेस विसलिसेनुस हे दोन शास्त्रज्ञ १८६५ मध्ये प्रथिने टाळून स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढून गेले. वाटेत स्वतःचे मूत्र गोळा करत त्यांनी त्यातील नायट्रोजन मोजला, कारण प्रथिने जळली की त्यांतला नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडतो. जळालेल्या प्रथिनांतून मिळू शकणारी ऊर्जा चढाईला लागलेल्या कामापेक्षा बरीच कमी भरली, म्हणजे इंधन दुसरीकडून आले होते. तरीही कष्टकऱ्याला रोज ११८ ग्रॅम प्रथिने हवीत, हा जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल फॉइट यांचा आकडा बरीच वर्षे प्रमाण मानला गेला. पुढे येल विद्यापीठातील रसेल चिटेंडन यांनी १९०४ मध्ये जवळपास निम्म्या प्रथिनांवरही माणसे धडधाकट राहतात, असे दाखवले.

आज जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०·८३ ग्रॅम अशी आहे (२००७). हा आकडा अनेकदा चुकीच्या जागी वापरला जातो. पुरेशी ऊर्जा मिळणाऱ्या जवळपास सर्व निरोगी प्रौढांचा नायट्रोजन समतोल (प्रथिनांतून आत येणारा आणि बाहेर पडणारा नायट्रोजन सारखा असणे) राखणारी ती पातळी आहे. कमी खाणाऱ्या आणि वजने उचलणाऱ्या माणसाचा विचार करून ती काढलेली नाही.

त्या माणसासाठीचे आकडे वेगळे आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ४९ अभ्यास आणि १,८६३ व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. व्यायामासोबत प्रथिने वाढवली की चरबीविरहित वस्तुमानातील वाढही अधिक होत गेली, पण दर किलोमागे सुमारे १·६ ग्रॅमनंतर फायदा दिसेनासा झाला. या अंदाजाची अनिश्चितता १·०३ ते २·२ ग्रॅम अशी मोठी होती. जिममध्ये सर्रास सांगितला जाणारा २·२ हा आकडा या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी जुळतो. तो किमान गरज म्हणून सांगितला जातो, तेव्हा अर्थाचा अनर्थ होतो.

ऊर्जेची तूट असताना गरज वाढते, कारण स्नायूंत नवी प्रथिने तयार होण्याचा वेगच मंदावतो. २०१४ मधील एका प्रयोगात पाच दिवसांच्या तुटीने विश्रांतीतला हा वेग २७ टक्क्यांनी घटला. वजनांचा व्यायाम केल्यावर तो पूर्ववत झाला आणि व्यायामानंतर प्रथिने घेतल्यावर त्याहून वर गेला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांवर झालेला प्रयोग (२०१६) याहून बोलका आहे. चार आठवडे सर्वांच्या ऊर्जेत ४० टक्के कपात होती आणि आठवड्यातले सहा दिवस कठोर व्यायाम. एका गटाला दर किलोमागे १·२ ग्रॅम आणि दुसऱ्याला २·४ ग्रॅम प्रथिने दिली. पहिल्या गटाचे चरबीविरहित वस्तुमान जवळपास स्थिर राहिले (०·१ किलो वाढ) आणि चरबी ३·५ किलो घटली. दुसऱ्या गटात वस्तुमान १·२ किलोंनी वाढले आणि चरबी ४·८ किलो उतरली. तुटीत स्नायू वाढूच शकत नाहीत, हा समज यातून मोडतो. मात्र ही मंडळी वजनाने जास्त होती आणि कसलेली व्यायामपटू नव्हती, हे विसरू नये. नवखे, जास्त चरबी असलेले आणि मोठ्या खंडानंतर परतलेले यांना असा दुहेरी लाभ सहज मिळतो. वर्षानुवर्षे व्यायाम केलेल्या सडपातळ माणसाने तुटीच्या काळात असलेले स्नायू राखले, तरी पुष्कळ झाले.

लठ्ठ व्यक्तीने एकूण वजनावर हिशेब केला, तर आकडा अकारण फुगतो, कारण चरबीला फारशी प्रथिने लागत नाहीत. तिथे चरबीविरहित वजनावर २·३ ते ३·१ ग्रॅमचे प्रमाण वापरता येते. वजन ९० किलो आणि चरबी ३० टक्के असेल, तर चरबीविरहित वजन ६३ किलो येते. त्याला २·३ ने गुणले की सुमारे १४५ ग्रॅम. योगायोग असा की एकूण वजनाला १·६ ने गुणले तरी उत्तर जवळपास तेवढेच येते. या व्यक्तीचा आहार २,००० किलोकॅलरींचा धरला, तर प्रथिनांच्या ५८० किलोकॅलरी होतात. स्निग्ध पदार्थ ६० ग्रॅम ठेवले, तर त्यांच्या ५४० होतात, आणि उरलेल्या ८८० म्हणजे २२० ग्रॅम कर्बोदके. शेवटच्या दोन आकड्यांत आवडीनिवडीप्रमाणे अदलाबदल करता येते. स्निग्ध पदार्थ मात्र फार खाली नेऊ नयेत. आवश्यक मेदाम्ले आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शरीराला मिळण्यासाठी ते लागतात.

प्रथिनांचे आणखी दोन फायदे आहेत. पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग खर्ची पडतो. कर्बोदकांसाठी हे प्रमाण ५ ते १० टक्के आणि स्निग्ध पदार्थांसाठी ० ते ३ टक्के आहे. शिवाय त्यांनी पोट भरल्यासारखे जास्त वेळ वाटते. यातला दुसरा फायदा रोजच्या व्यवहारात मोठा, कारण आहार बहुधा भुकेपायीच मोडतो.

जेवणांतील विभागणी

व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने घेतलीच पाहिजेत, हा नियम फार पसरला. २०१३ मधील विश्लेषणात दिवसाच्या एकूण प्रथिनांचा फरक हिशेबात धरल्यावर या वेळेचे महत्त्व उरले नाही. एका वेळी ३० ग्रॅमहून अधिक प्रथिने वाया जातात, हेही तसेच. २०२३ मध्ये १०० ग्रॅम एकदम देऊन पाहिले, तेव्हा २५ ग्रॅमच्या तुलनेत स्नायूंची बांधणी अधिक झाली आणि जास्त तास चालू राहिली. तरीही तीन-चार जेवणांत प्रत्येक वेळी दर किलोमागे ०·४ ते ०·५५ ग्रॅम अशी विभागणी सोयीची पडते. प्रत्येक जेवणातून स्नायूबांधणीला चालना देणारे ल्युसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) २ ते ३ ग्रॅम मिळते आणि पोटही ठीक राहते.

प्रथिनांचे स्रोत

एखाद्या पदार्थात प्रथिने किती, यापेक्षा ती किती कॅलरींच्या मोबदल्यात मिळतात हे तुटीच्या काळात पाहावे. ३० ग्रॅम प्रथिने कातडीविरहित कोंबडीच्या छातीच्या शिजवलेल्या मांसातून सुमारे १६० किलोकॅलरींत मिळतात. पाच अंड्यांतून घेतली तर साधारण ३६०, शिजवलेल्या मसुरातून ३८५ आणि शेंगदाण्यांतून जवळपास ६८० किलोकॅलरी मोजाव्या लागतात. ‘प्रथिनयुक्त’ म्हणून सुकामेव्याची मूठ भरणारे या हिशेबात हमखास फसतात. दुसरी नेहमीची गफलत कच्च्या आणि शिजवलेल्या वजनाची. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, तर शिजल्यावर पाणी शोषलेल्या तेवढ्याच वजनात फक्त ९.

वनस्पतिजन्य प्रथिनांत काही आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात आणि पचनही थोडे कमी होते. धान्यांत लायसिन कमी, कडधान्यांत मेथिओनिन कमी. दोन्ही खाल्ली की उणीव भरून निघते. ब्राझीलमधील एका अभ्यासात (२०२१) दर किलोमागे १·६ ग्रॅम प्रथिने घेणारे तरुण १२ आठवडे व्यायाम करत होते. सोया घेणारे पूर्ण शाकाहारी, दूधही न घेणारे, आणि व्हे (दुधातील प्रथिने) घेणारे मिश्राहारी यांच्या स्नायूंत सारखीच वाढ झाली. प्रोटीन पावडर हे अन्नच आहे, फक्त सोयीच्या रूपात. ती टाळून काही बिघडत नाही.

सावधगिरी

निरोगी मूत्रपिंडांना वरील प्रमाणातील प्रथिनांनी इजा होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्यांना मात्र डॉक्टर अनेकदा प्रथिने कमी करायला सांगतात. त्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्यांनी असा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. वृद्धांची अडचण उलटी असते. त्यांचे स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात, म्हणून निरोगी वृद्धांनाही दर किलोमागे १ ते १·२ ग्रॅम सुचवले जातात. फार वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दीर्घकाळ मोठी तूट ठेवणाऱ्या स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होऊ किंवा थांबू शकते आणि हाडांची घनताही घटते. पाळी थांबणे हे आहार जमत असल्याचे लक्षण मानणे घातक आहे.

प्रगतीची मोजणी

घरगुती काट्यांवरील चरबीची टक्केवारी शरीरातील विद्युतरोधावरून काढलेली असते आणि पाणी प्यायल्यानेही बदलते. डेक्सा ही क्ष-किरणांची तपासणी अधिक भरवशाची, पण तीही पाणी चरबीविरहित वस्तुमानातच धरते. त्यामुळे रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन (स्नायूंत पाणी धरून ठेवणारे पूरक) सुरू करणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांतच किलोभर ‘स्नायू’ वाढल्याचा भास होतो. रोजच्या वजनाची आठवड्याची सरासरी, कमरेचा घेर आणि उचलता येणारे वजन या तीन नोंदी बहुतेकांना पुरतात. कमर घटत असून उचलण्याची ताकद टिकलेली असेल, तर काटा स्थिर असला तरी काही बदलायची गरज नसते. तीन-चार आठवडे सरासरी आणि कमर दोन्ही हलली नाहीत, तर कर्बोदके किंवा स्निग्ध पदार्थांतून १०० ते २०० किलोकॅलरी कमी करतात आणि प्रथिने आहेत तशीच ठेवतात.