सतरा सप्टेंबर: ३९९ दिवसांचा हिशेब

शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली 'दिनविशेष' लिहायचा, ही पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. १७ सप्टेंबरला त्या चौकटीत लिहिण्यासारखं पुष्कळ असतं. पेरियार (१८७९) आणि प्रबोधनकार ठाकरे (१८८५) या दोघांचा जन्म याच तारखेचा. अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या त्या १७८७ मध्ये, याच दिवशी. आकड्यांच्या नादी लागलेल्यांसाठी आणखी एक गंमत: १७ ही मूळ संख्या, आणि मूळ संख्यांबद्दलचं आजवर न सुटलेलं कोडं मागे ठेवून गेलेला जर्मन गणिती रीमान जन्मला तोही १८२६ च्या १७ सप्टेंबरला. मराठवाड्यातल्या फळ्यावर मात्र यातलं बहुतेक काही येत नाही. तिथे एकच ओळ असते, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

भाषणांतून दरवर्षी ऐकू येतं की देश स्वतंत्र झाला, पण निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याला आणखी तेरा महिने थांबावं लागलं. नीट मोजलं तर १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने आणि वर दोन दिवस. दिवसांत ३९९, कारण १९४८ हे लीप वर्ष होतं आणि मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेला. ३९९ ला सातने भाग दिला की बरोबर ५७ येतात, बाकी शून्य. म्हणून १५ ऑगस्टही शुक्रवार आणि १७ सप्टेंबरही शुक्रवार. यामागे कुणाची योजना नव्हती, निव्वळ योगायोग. पण तेरा महिन्यांपेक्षा सत्तावन्न आठवडे म्हटलं की तो काळ किती लांबला हे जास्त जाणवतं.

त्या सत्तावन्न आठवड्यांत काय झालं? संस्थानाचे राजे निजाम मीर उस्मान अली खान, आसफजाही घराण्यातले सातवे. संस्थान ना भारतात, ना पाकिस्तानात, स्वतंत्र राहील अशी त्यांची भूमिका. संस्थानातल्या स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ लाच भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला होता. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, कार्यकर्ते संस्थानाच्या हद्दीबाहेर कँप टाकून बसले आणि तिथून नाके, चौक्या यांवर हल्ले करू लागले. २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्ली आणि निजाम यांच्यात वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला, पण वर्ष पुरं व्हायच्या आतच त्याचा निकाल लागला. इकडे कासीम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, गावोगाव फिरत होते. हा रझवी लातूरला वकिली करायचा, हे तिथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लढ्याच्या पैशासाठी लुटली ती ३० जानेवारी १९४८ ला. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दिनविशेषात या दोन गोष्टी शेजारी लिहिलेल्या मी तरी कुठे पाहिल्या नाहीत.

मग १७ तारीखच का? भारताचं सैन्य निघालं ते १३ सप्टेंबरला, सोमवारी पहाटे. कराचीत जिनांचं निधन होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरच्या रस्त्याने आत शिरली आणि पहिली चकमक नळदुर्गाजवळ झडली. दुसऱ्या बाजूने आलेल्या फौजेने १५ तारखेला औरंगाबाद घेतलं. १७ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास निजामांनी युद्धबंदी जाहीर केली. ही मोहीम १०८ तासांत आटोपली असं सर्रास लिहिलं जातं. पहाटे चारपासून संध्याकाळी पाचपर्यंत धरले तर तास होतात १०९; पण १०८ हा जपमाळेचा आकडा, तो सहजी कोण सोडणार!

आणखी एक गुंता आहे. निजामाच्या फौजेचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींसमोर रीतसर शरणागती पत्करली ती १८ सप्टेंबरला. कागदावर बोट ठेवून बसायचं तर मुक्तिदिन १८ चा म्हणता येईल. लोकांनी धरला तो मात्र बंदुका थांबल्याचा दिवस, आणि मला तेच पटतं. पंचांगाने पाहिलं तर तो भाद्रपद शुद्ध चतुर्दशीचा, म्हणजे अनंत चतुर्दशीचा दिवस होता, शके १८७०. निजामाच्या दप्तरात फसली साल, ही वेगळी कालगणना चाले. त्या मोजणीने साल १३५७, महिना आबान, फसली वर्षाचा शेवटचा. नवं वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागायचं, म्हणजे त्याला तीन आठवडेही उरले नव्हते. पैसाही वेगळा होता. हाली सिक्क्याचे, म्हणजे संस्थानाच्या चलनातले, सात रुपये द्यावेत तेव्हा इंग्रजी अमलातले सहा मिळायचे. सोलापूर किंवा नगरकडे मालाची ने-आण करणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठच असणार.

एक आकडा मात्र १७ सप्टेंबरच्या भाषणात सहसा येत नाही. या मोहिमेनंतर, म्हणजे तेव्हाच्या भाषेत पोलीस ॲक्शननंतर, संस्थानात मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. दिल्लीने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं घेतली, सोबत गुलबर्गा आणि बिदर. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. रझाकारांनी जाळलेल्या गावांची आठवण काढायची आणि ही काढायची नाही, हा हिशेब अर्धवट आहे.

निजाम लगेच गेले असंही नाही. २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद राज्याचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे घटनात्मक प्रमुख, झाले ते तेच, आणि १९५६ ला ते राज्यच मोडेपर्यंत त्या पदावर राहिले. राज्याचे जिल्हे सोळा: तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच, कानडी मुलखाचे तीन. ३, ५, ८ हे हेमचंद्राच्या संख्यामालेतले (मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा) लागोपाठचे आकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला तिघांच्या वाटा तीन राज्यांकडे गेल्या. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे आपले पाच आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पुढे १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली वेगळे झाले, तेव्हा मराठवाड्याचे जिल्हेही आठ भरले. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं ते १९९४ मध्ये. त्याची स्थापना १७ सप्टेंबरची, आणि ती मात्र योगायोगाने पडलेली तारीख नव्हे.