सुबिक मुक्त बंदर होते, क्लार्क नव्हते

फिलिपिन्समधील जुन्या अमेरिकी लष्करी तळांविषयी लिहिताना ‘१९९२ च्या कायद्याने सुबिक आणि क्लार्क दोन्ही शुल्कमुक्त झाले’ असे ठोकून देण्याची पद्धत पडली आहे. हे विधान निम्मे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक त्रासदायक आहे.

सुबिकची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. सप्टेंबर १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सेनेटने तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकी आरमार तेथून निघाले. क्लार्क हा हवाई दलाचा तळ होता आणि पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर तो वर्षभर आधीच रिकामा झाला. हा फरक कोणाच्याही लक्षात येतो.

घोटाळा होतो तो ‘मुक्त बंदर’ आणि ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ या दोन संज्ञांचा. १९९२ च्या त्या कायद्याच्या, म्हणजे प्रजासत्ताक कायदा क्रमांक ७२२७ च्या, कलम १२ ने सुबिकला स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश, म्हणजेच मुक्त बंदर, मानले. तेथे कच्चा माल आणि यंत्रसामग्री शुल्काविना येऊ शकते, मात्र तोच माल तेथून उर्वरित देशात नेला, की शुल्क भरावे लागते. मूळ कायद्यानुसार उद्योगांना राष्ट्रीय व स्थानिक करांऐवजी ढोबळ उत्पन्नावर पाच टक्के द्यावे लागत. (म्हणून ‘करमुक्त’ हा शब्द मला मुळीच मान्य नाही.) क्लार्कच्या वाट्याला त्याच कायद्याचे कलम १५ आले. राष्ट्राध्यक्षांनी उद्घोषणेद्वारे तेथे विशेष आर्थिक क्षेत्र स्थापावे, एवढीच मुभा त्यात होती. करसवलतीचा त्यात उल्लेखच नव्हता. राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी १९९३ मध्ये उद्घोषणा क्रमांक १६३ काढून क्षेत्र स्थापन केले आणि कार्यकारी आदेश क्रमांक ८० द्वारे सुबिकच्या सवलती क्लार्कलाही लागू केल्या.

पुढे बारा वर्षे दोन्हीकडचे व्यवहार सारखेच दिसत राहिले, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असा समज रुजला, यात नवल नाही. परंतु फिलिपिन्सच्या राज्यघटनेनुसार करमाफी देणारा कायदा काँग्रेसच्या (तेथील संसदेच्या) एकूण सदस्यांच्या बहुमताशिवाय होऊ शकत नाही, आणि जे कायद्याने दिलेले नाही ते आदेशाने देता येत नाही. बागियो शहरातील ‘कॅम्प जॉन हे’ या जुन्या अमेरिकी तळाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये याच मुद्द्यावर करसवलत रद्द केली होती. २००५ मध्ये क्लार्कवरही तीच वेळ आली. न्यायालयाने क्षेत्र मोडीत काढले नाही, केवळ सवलत रद्द केली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे: विशेष आर्थिक क्षेत्र शुल्कमाफीवाचूनही अस्तित्वात राहू शकते.

अखेर मार्च २००७ मध्ये कायदा क्रमांक ९४०० ने क्लार्कला मुक्त बंदराचा दर्जा दिला आणि सोबतच्या कायदा क्रमांक ९३९९ ने तेथील उद्योगांची मागील थकबाकी एकवेळ माफ केली. दोन्ही तळ १९९२ पासूनच एका मापाचे असते, तर ही माफी कशासाठी द्यावी लागली, याचे उत्तर वरील विधान लिहिणाऱ्यांनी द्यावे. तोवर निदान २००७ पूर्वीच्या क्लार्कला मुक्त बंदर म्हणणे थांबवावे.