फेझ टोपी घातली म्हणजे तुर्क झाला?

जुन्या आर्मेनियन कौटुंबिक फोटोत आजोबांच्या डोक्यावर गोंड्याची फेझ दिसली, की ‘यांनी ख्रिस्ती धर्म सोडून इस्लाम स्वीकारला असणार’ असं हमखास बोललं जातं. तसं नाही. १८२९मध्ये ऑटोमन (तुर्की) साम्राज्याचा सुलतान दुसऱ्या महमूदने सरकारी नोकरांना पागोटं उतरवून फेझ घालायला लावली. पागोट्यावरून धर्म ओळखू येई. फेझने तो फरक पुसट केला. पुढे शहरांतले आर्मेनियन व्यापारी, शिक्षक ती कोट-टायवर सर्रास घालू लागले. शेजारी बायको उंच कॉलरच्या युरोपीय झग्यात! दरबारी छायाचित्रकार अब्दुल्ला बंधूसुद्धा आर्मेनियन वंशाचेच. टोपीवरून कळतं ते एवढंच, की फोटो बहुधा ऑटोमन मुलखातला. रशियाच्या अमलाखालच्या तिफ्लिसकडे (आजचं जॉर्जियातलं तिबिलिसी) पापाखा ही लोकरी टोपी दिसते. तुर्कस्तानने १९२५मध्ये फेझवर बंदी घातली, म्हणून तिथला फेझवाला फोटो बहुतेक त्याआधीचा.