मसल कार : फेरबदल आणि अ‍ॅव्हरेज

मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-8 इंजिन बसवून अमेरिकी कंपन्यांनी साधारण 1964 ते 1972 या काळात ज्या गाड्या विकल्या, त्यांना मसल कार म्हणतात. पॉन्टिअ‍ॅकने 1964 साली टेम्पेस्टमध्ये 389 घनइंची, म्हणजे 6.4 लिटरचे इंजिन घालून जीटीओ काढली आणि तिथून ही चढाओढ सुरू झाली. 1970 च्या शेव्हरले शेव्हेलमध्ये ती 454 घनइंचांवर, म्हणजे 7.4 लिटरवर पोचली. यातल्या बऱ्याच गाड्या आज मूळ रूपात नाहीत. मालकांनी त्यांत वेळोवेळी केलेले बदल आणि त्यामुळे पेट्रोलच्या खपात पडलेला फरक यांपुरतीच ही नोंद आहे.

मोठ्या इंजिनाची गाडी शहरात लिटरमागे साधारण चार-पाच किलोमीटर चालते. दहा मैल प्रति गॅलन म्हणजे लिटरला 4.25 किलोमीटर. हा अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा असल्याने जुन्या इंग्लिश मासिकांतले आकडे वीस टक्के फुगलेले दिसतात. तेलसंकटाने मसल कार संपवली, हा समज अर्धाच खरा आहे. अरब देशांनी तेल रोखले ते ऑक्टोबर 1973 मध्ये. त्याआधीच विम्याचे चढे हप्ते आणि धुराविषयीचे नवे कायदे यांनी या गाड्यांना घेरले होते, आणि जनरल मोटर्सने 1971 च्या मॉडेलांपासून इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, उतरवले होते. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजवर बंधन घालणारा अमेरिकी कायदा 1975 चा; त्याचा पहिला आकडा, 18 मैल प्रति गॅलन, 1978 च्या मॉडेलांना लागू झाला.

एवढे मोठे इंजिन पेट्रोल पिणारच, असे म्हणून विषय संपवला जातो. पण खरा दोष बहुधा मागच्या एक्सलमध्ये सापडतो. पाव मैलाच्या शर्यतीसाठी पिकअप हवा म्हणून 3.08 चा क्राउन-पिनियन, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या दांड्याच्या 3.08 फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा देणारी दातेरी जोडी, काढून 4.10 चा घालत. त्या काळच्या तीन स्पीड ऑटोमॅटिक आणि चार स्पीड मॅन्युअल गिअरबॉक्सचा टॉप गिअर सरळ एकास एक असे, त्यामुळे एक्सलमधला बदल थेट इंजिनावर येई. 26 इंची टायर धरला तर ताशी 100 किलोमीटरला 3.08 वर इंजिन मिनिटाला सुमारे 2,470 फेरे घेते आणि 4.10 वर जवळजवळ 3,300. ताशी 100 ला गाडी ढकलायला लागतो तो इंजिनाच्या ताकदीचा एक लहान हिस्सा. तेवढ्यासाठी थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, जेमतेम उघडलेला असतो आणि आठही पिस्टन त्या अरुंद फटीतून हवा ओढायला धडपडत असतात. फेरे वाढले की ही ओढाताण आणि घर्षण दोन्ही वाढतात.

म्हणून सर्वांत गुणकारी बदल ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे एकास एकपेक्षा कमी प्रमाणाच्या टॉप गिअरचा. 1982 मध्ये आलेल्या जनरल मोटर्सच्या 700आर4 ऑटोमॅटिकचा चौथा गिअर 0.70 चा आहे. ट्रेमेकच्या पाच स्पीड मॅन्युअलमध्ये 0.64 चा टॉप गिअर मिळतो. तो बसवला की 4.10 चा एक्सल तसाच ठेवूनही 3,300 चे फेरे 2,100 वर येतात. सिग्नलवरचा पिकअप जात नाही आणि हायवेवर इंजिन शांत होते. अडचण कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची. शर्यतीच्या कॅममध्ये आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात, त्यामुळे कमी फेऱ्यांवर मिश्रण नीट जळत नाही आणि गाडी धक्के खात चालते. असा कॅम असेल तर ओव्हरड्राइव्हमध्ये घातलेले पैसे अर्धे वाया जातात. गिअर, एक्सल आणि कॅम हे तिन्ही एकत्रच ठरवावे लागतात. ‘आधी कॅम, बाकी नंतर पाहू’ ही चाल महागात पडते.

कार्बोरेटरबद्दल बोलणे फार होते, त्या मानाने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे कमी पाहिले जाते. हायवेवरच्या हलक्या थ्रॉटलला मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, असते, ते सावकाश जळते आणि ठिणगी बरीच आधी पडावी लागते. हे काम व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स करतो. शर्यतीच्या गाडीत तो नसतो म्हणून रस्त्यावरच्या गाडीचाही काढून टाकायची फॅशन होती. नळी पुन्हा जोडली की जवळजवळ फुकटात फरक दिसतो. कार्बोरेटरमध्ये रोचेस्टरच्या क्वाड्राजेटला उगाच नावे ठेवली गेली. त्याची पुढची दोन तोंडे लहान आणि मागची दोन प्रचंड. पाय हलका असेपर्यंत गाडी लहान तोंडांवरच चालते. रसायनशास्त्राचे गणित वजनाने पेट्रोलच्या 14.7 पट हवेचे. पूर्ण ताकदीला ती 12.5 ते 13 पट लागते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवून जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र, निवडले, तर अंदाजपंचे काम उरत नाही.

इथेनॉलने यात भर घातली आहे. त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या दहा टक्के मिश्रणावर अ‍ॅव्हरेज सुमारे तीन टक्क्यांनी घटते. शिवाय इंधनातला ऑक्सिजन कार्बोरेटरला ओळखता येत नाही, मिश्रण पातळ होते आणि जेट मोठे करावे लागते. भारतात ई-20 पेट्रोल आल्यावर जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

शेवटचा उपाय इंजिनच बदलण्याचा. 1997 मध्ये कॉर्व्हेटबरोबर आलेले 5.7 लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे एलएस1 त्यासाठी फार आवडते. सहा स्पीड गिअरबॉक्ससह त्या कॉर्व्हेटचा सरकारी हायवे आकडा 28 मैल, म्हणजे लिटरला 12 किलोमीटरच्या जवळ होता. चौकोनी नाकाच्या शेव्हेलला तेवढे मिळत नाही, कारण हवा कापण्याचा खर्च इंजिन बदलून कमी होत नाही.

हिशेब पैशांचा मांडला तर मात्र काही जुळत नाही. वर्षाला 3,000 किलोमीटर चालणारी गाडी लिटरला 4.25 वरून 7 वर गेली, तर सुमारे 277 लिटर वाचतात. गिअरबॉक्सचा खर्च काही हजार डॉलर. मालकाला हवी असते ती मजल : 75 लिटरच्या टाकीत 320 च्या जागी 525 किलोमीटर.

मालकांनी सांगितलेले आकडे जपून घ्यावेत. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते, एक्सल तिच्यानंतर, चाकांच्या बाजूला. 3.08 काढून 4.10 घातला आणि केबलचा छोटा प्लास्टिक गिअर बदलायचा राहिला, तर 100 किलोमीटर गेलेली गाडी मीटरवर 133 दाखवते. पेट्रोल जास्त जळते आणि वहीत अ‍ॅव्हरेज वाढलेले निघते.